उजवा हात मोकळा सोडणाऱ्या भुलेच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

सिझर झालं की पेढे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना मिळतात. भूल कोणी दिली हे कुणी विचारतही नाही. तुमचं नाव मीसुद्धा दुसऱ्या दिवशी फाईलवर वाचलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, तेही टाके अजून ओढत असताना.

माझं पहिलं सिझर २०२१ मधलं, दुसऱ्या एका हॉस्पिटलातलं. पाठीत भूल दिली आणि थोड्याच वेळात ढवळायला लागलं. दोन्ही हात पट्ट्यांनी बांधलेले. मी म्हणत होते, "मळमळतंय हो," आणि उत्तर येत होतं, "होतं तसं, लांब श्वास घ्या." उलटी गालावरून कानात, केसांत गेली. मुलगी रडली तेव्हा मी कोरड्या उलट्या काढत होते. तिला मला दाखवलं म्हणे, मला आठवत नाही. नंतर बोलून दाखवलं तर ऐकायला मिळालं, "बाळ सुखरूप आहे ना? मग?" त्या "मग?"चा राग अजून गेलेला नाही.

या वेळी आदल्या संध्याकाळी तुम्ही आलात आणि विचारलंत, "एसटी लागते का?" कशेडी घाट संपेपर्यंत मांडीवर पिशवी धरून बसणारी बाई मी, मला हसूच आलं. पण ज्यांना गाडी लागते त्यांना इथेही त्रास जास्त होतो, हे तुम्ही समजावलंत. भुलेने कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, प्रेशर घसरतं आणि बऱ्याचदा त्याची पहिली खूण म्हणजे मळमळ. "तेव्हा लाजायचं नाही, लगेच सांगायचं. ती माझ्या कामाची बातमी आहे," असं म्हणालात. माझी मळमळ कुणाच्या तरी कामाची आहे हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं!

थिएटरमध्ये तुम्ही काय काय दिलंत ते सगळं मला कळलं नाही. लक्षात राहिला तो पट्टा. मी आधी काय झालं होतं ते सांगितलं होतं, तेवढं तुम्ही ध्यानात ठेवलंत. मावशी हात बांधायला आल्या तेव्हा म्हणालात, "उजवा राहू दे." मग त्या मोकळ्या हातात एक ट्रे दिलात आणि माझी मान हलकेच बाजूला वळवलीत. बस, एवढंच. पण मी पहिल्यांदा टेबलावर माणसासारखी पडले होते. मध्ये एकदा मी "मॅडम, जरा..." एवढंच म्हटलं, तोवर तुमचा हात सलाईनकडे गेलाही होता. बाळ बाहेर आल्यावर म्हणालात, "आता पिशवी आकसायचं औषध देतेय, एकदम दिलं की ढवळतं, म्हणून हळूहळू." ट्रे कोरडाच राहिला. मुलाचा ओला गाल माझ्या गालाला लावलात, तो मला पुरता आठवतो.

घरी आल्यावर वाचलं. सिझरमध्ये प्रेशर मूळच्या ९० टक्क्यांखाली जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी फेनिलएफ्रिनसारखं औषध भुलेबरोबरच सुरू करायचं, असं जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्येच लिहून ठेवलंय. म्हणजे माझ्या पहिल्या सिझरच्या आधी! आणि उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन तर आमच्या घरातही असतं, थोरलीला उलट्या झाल्या की तेच देतो. औषधांची वानवा नव्हती हो. नुसतं विचारायला किती वेळ लागतो? भाजीवालीसुद्धा पिशवी जड झाली का विचारते. मोठ्या डिग्र्यांच्या गर्दीत असं विचारणारी माणसं कमी भेटतात, भेटली की बळ येतं.

नणंदेची तारीख जवळ आलीय. तिला बजावलंय, भुलेच्या डॉक्टरांना आधी भेट आणि गाडी लागते ते सांग. ती म्हणाली, "तुझ्याच मॅडमकडे नाव घालते." तेव्हा तयारीत राहा, तिला तर रिक्षाही लागते.

मावशींना नमस्कार सांगा. डिस्चार्जच्या दिवशी त्यांची सुट्टी होती, त्यांच्या वाटचे पेढे सिस्टरांकडे ठेवलेत. अजून दिले नसतील तर कृपया आठवण करा.

आपली,
एक बाळंतीण