पत्राइतकेच पाकीटही जपा

मा. संपादक,
स. न.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी लढायला गेलेल्या पोरांची पत्रे मराठवाड्यातल्या काही घरांत अजून ट्रंकेच्या तळाशी आहेत. नातवंडे ती काढतात, लॅमिनेट करून भिंतीला लावतात आणि मळके पाकीट फेकून देतात. खरी माहिती नेमकी त्या पाकिटावर असते.

पत्रे तपासणाऱ्या लष्करी सेन्सॉरमुळे ठिकाण, जहाज, पलटणीची हालचाल यांतले काहीच पत्रात लिहिता येत नसे. त्यामुळे मजकुरात खुशाली, पैसे पोचले का, पेरणी झाली का, एवढेच. पोरगा इजिप्तमध्ये होता की इटलीत, याचा माग पाकिटावर लागतो : शिपायाचा नंबर, हुद्दा, पलटण, सेन्सॉरचा शिक्का, फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख. नुसत्या क्रमांकाने भागत नाही. हे पोस्ट फौजेबरोबर फिरायचे. तारखेसह क्रमांक वाचता आला तरच, कोणते पोस्ट केव्हा कुठे होते हे सांगणाऱ्या टपाल-संग्राहकांच्या याद्यांशी मेळ बसतो. म्हणून तिकीट कापून काढू नये, अर्धा शिक्का त्यावरच असतो. आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. ‘हैदराबाद रेजिमेंट’ वाचून लोक निजामाची फौज समजतात. १९वी हैदराबाद रेजिमेंट ब्रिटिश हिंदी लष्कराची होती, १९४५ मध्ये ती कुमाऊँ रेजिमेंट झाली. निजामाची हैदराबाद इन्फन्ट्री वेगळी.

पंजाएवढ्या फोटोच्या कागदावर बारीक अक्षरांतले पत्र असेल तर तो एअरग्राफ. मूळ पत्राचा फिल्मवर फोटो काढून फिल्म विमानाने पाठवत आणि इकडे कागदावर छापत. मूळ पत्र पुढे नष्ट होई. झेरॉक्स समजून तो टाकू नका.

लॅमिनेशनचे प्लास्टिक उष्णतेने कागदात उतरते, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेप पिवळी पडून डाग सोडते. ओल्या फडक्याने पुसणे किंवा वाफेची इस्त्री तर नकोच : बरीच पत्रे कॉपिंग पेन्सिलची आहेत, पाणी लागले की अक्षर जांभळे होऊन पसरते. घड्या मे महिन्यात उघडू नका, कोरडा कागद घडीवरच तुटतो. भाद्रपदात, पाऊस नसेल त्या दिवशी, कागद जरा मऊ असतो. गंजलेली टाचणी ओढू नये, कागद खाली दाबून हळूच सरकवावी. पत्र्याखालच्या माळवदावर ट्रंक ठेवू नये. कडुनिंबाचा पाला पानांत घातला तर हिरवट डाग पडतात; पुरचुंडी बाहेर, कोपऱ्यात ठेवा.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी फूटपट्टी ठेवून काढावा. शिक्का पुसट असेल तर उजेड बाजूने तिरपा पाडावा.

आपल्या पुरवणीत अशी पत्रे छापता तेव्हा पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटोही मागवावेत, ही विनंती.

– एक वाचक, लातूर