मनू, उत्तर पाठवू नकोस, पण गप्पही बसू नकोस

सातारा

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर इन्स्टाग्रामवर तुला घाण लिहिणाऱ्या त्या माणसाबद्दल सांगत म्हणालीस, "आई, मी त्याला असं झणझणीत उत्तर लिहिलंय की पुन्हा तोंड वर करणार नाही." ते अजून पाठवलं नसशील तर पाठवू नकोस. आणि तुझे साहेब म्हणतात तसं 'दुर्लक्ष कर', हेही ऐकू नकोस. मला दोन्ही पटत नाही. फोनवर तू रडायला लागलीस की माझंही बोलणं धड होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. कंपनीने फुकटची सोय बंद केली आणि ते सांगायला व्हिडिओत तुला पुढे केलं. ज्यांचं त्यात नुकसान झालं त्यांचा राग खरा आहे. 'तुमची कंपनी लुटारू आहे' असं कुणी लिहिलं, तर त्याला उत्तर मिळायलाच हवं, पण ते कंपनीच्या खात्यावरून, कंपनीच्या नावाने. तुझ्या खाजगी इन्स्टाग्रामवर येऊन तुझ्या शरीराबद्दल घाण लिहिणारा, 'कुठे राहतेस ते माहीत आहे' असं म्हणणारा माणूस मात्र त्या क्षणी ग्राहक राहिलेला नसतो. त्याचं ऐकून घेणं तुझ्या नोकरीत बसत नाही.

नोव्हेंबर २०१६ आठव. ८ तारखेला रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि १० तारखेला आमच्या शाखेबाहेर उजाडायच्या आत रांग लागली. बदलून द्यायची मर्यादा आधी ४,००० रुपये, मग ४,५००, आणि १८ तारखेपासून एकदम २,०००. सकाळी एक नियम, संध्याकाळी दुसरा. नियम दिल्लीत ठरत होते, पण काचेच्या अलीकडे मी बसले होते. लोक बोलले, फार बोलले. मला त्यांचा राग आला नाही. पैसे त्यांचेच होते आणि त्यांना मिळत नव्हते. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाचं माणूस दवाखान्यात होतं. पण एकाने मला बाई म्हणून घाण शिवी दिली. तेव्हा मॅनेजरसाहेब केबिनमधून उठून आले, त्याला माझ्या खिडकीसमोरून बाजूला नेलं, त्याच्या नोटा स्वतः मोजून बदलून दिल्या आणि सांगितलं, "तुमचं काम झालं. आता पुन्हा या खिडकीसमोर उभं राहायचं नाही." त्याचे पैसे अडवले नाहीत आणि मला त्याच्यासमोर बसवलंही नाही. मला त्याला काही उत्तर द्यावं लागलं नाही. तुझ्या कंपनीत हे करणारं कुणीतरी हवं, आणि ते तू मागून घ्यायला हवंस.

उत्तर का नको, तर तुझं उत्तर तुझं राहत नाही. त्याच्या दहा घाणेरड्या ओळी कुणाला दिसणार नाहीत, तुझी एक ओळ कापून कंपनीच्या नावासकट सगळीकडे फिरेल. दादाने मला अमेरिकेतलं उदाहरण सांगितलं. 'गिल्ड वॉर्स २' हा गेम करणारी अरेनानेट नावाची कंपनी. तिथल्या लेखिका जेसिका प्राइस यांनी जुलै २०१८ मध्ये स्वतःच्या ट्विटर खात्यावरून एका खेळाडूला खडसावलं. त्याने शिवीगाळ केलेली नव्हती, तो आपलं मत सांगत होता. पण बाई म्हणून सतत शिकवणी ऐकून त्या वैतागल्या होत्या. गेम खेळणारे कंपनीवर तुटून पडले, आणि कंपनीने त्यांना कामावरून काढलं, त्यांची बाजू घेणाऱ्या सहकाऱ्यालाही. मला तो निर्णय अन्यायाचाच वाटतो. पण खातं स्वतःचं असलं तरी नोकरी वाचत नाही, हे त्यातून दिसतं, म्हणून सांगते.

मग साहेबांचं म्हणणं, की हे तुझं पर्सनल अकाउंट, कंपनी काय करणार? ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्क या दागिन्यांच्या कंपनीच्या, हिंदू सुनेचं मुस्लिम सासरी डोहाळजेवण दाखवणाऱ्या जाहिरातीवरून गदारोळ झाला होता, आठवतं? ती मागे घेताना कंपनीने आपले कर्मचारी आणि दुकानांतला स्टाफ यांच्या काळजीचं कारण जाहीरपणे दिलं होतं. जाहिरात मागे घ्यायला नको होती, असं माझं तेव्हाही मत होतं. पण आपल्या माणसांना त्रास होतोय आणि तो आपला प्रश्न आहे, हे टाटांच्या घरातल्या कंपनीने लपवलं नाही. तुझ्या साहेबांना एवढं म्हणायला काय हरकत आहे?

शिवाय कायदा आहे. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा, कलम १९ वाच. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या माणसांपासून सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि बाईला पोलिसांत जायचं असेल तर तिला मदत करणं हीसुद्धा. इन्स्टाग्राम हे कामाचं ठिकाण कसं, असा वाद ते घालतील. घालू देत. व्हिडिओ कंपनीचा होता आणि तुझं नाव त्यावर कंपनीने टाकलं होतं.

आता पुराव्याचं. मेसेज डिलीट करू नकोस, कितीही किळस आली तरी. स्क्रीनशॉट पूर्ण घे, वरची तारीख-वेळ आणि खात्याचं नाव कापू नकोस. नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेव. सगळं जपून झालं की मगच ब्लॉक. आणि हे तू एकटीने वाचत बसायचं नाही. दादाला लॉगिन दे, तो वाचेल आणि तारखेप्रमाणे लावून ठेवेल. कालच तयार झालाय.

पोलिसांत काय न्यायचं, हेही नीट निवड. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम, ६६अ, सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं आणि फार चांगलं केलं. म्हणून नुसतं कडवट लिहिणाऱ्यांना यात ओढू नकोस. 'घर माहीत आहे' म्हणणारा आणि नको म्हटल्यावरही रोज अश्लील लिहिणारा, हे दोघे मात्र सोडायचे नाहीत. भारतीय न्याय संहितेत पाठलागाला कलम ७८ आहे, त्यात ऑनलाइन पाठलागही येतो, धमकीला ३५१. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे तक्रार कर. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर अडकून बसू नकोस. घराच्या धमकीसाठी मात्र थेट पोलीस ठाण्यात जा. 'आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर माग, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवावा लागतो.

रात्री एकटी राहू नकोस. मैत्रिणीला बोलाव, नाहीतर मी येते, गाडीचं तिकीट बघून ठेवलंय.

साहेबांना आणि एचआरला एकच मेल कर: काय घडलं, कधीपासून, आणि तुला काय हवं. व्हिडिओवरचं तुझं नाव काढा, उत्तरं कंपनीच्या खात्यावरून द्या, तक्रारीसाठी तुमचा वकील द्या. तोंडी बोललेलं उद्या कुणी मान्य करणार नाही. मसुदा आज रात्री मला पाठव, मी जागी आहे.

तुझी,
आई