माजघरातला दिवा

पुणे, ६ जानेवारी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवला आणि रात्री झोपच लागेना. बाबा, तुम्ही इतक्या हौसेने माजघरातल्या दिव्याच्या जागी लावायच्या पितळी झुंबराबद्दल सांगत होतात आणि मागून आई म्हणाली, "आधी त्या दिव्याचं बघा, बटण बंद केलं तरी रात्रभर मिणमिणतो." तुम्ही म्हणालात, एलईडीचे दिवे असेच असतात, आणि विषय निघून गेला. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. फोनवर समजावायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून सावकाश लिहिते आहे.

बाबा, झुंबर खोक्यातच राहू द्या. शनिवारी मी येईपर्यंत स्टुलावर चढू नका.

तो मिणमिणणारा दिवा काहीतरी सांगतो आहे. बटण नेहमी फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, तारेत असायला हवं, म्हणजे ते बंद केलं की वर होल्डरपर्यंत वीज पोचतच नाही. जुन्या घरांत पुष्कळदा ते न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या, तारेत घातलेलं सापडतं. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच उभे असतात. जुना साठ वॅटचा बल्ब एवढ्याशा गळतीने उजळायचा नाही, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. एलईडीला मात्र तेवढा थेंबभर करंटही पुरतो. कधी कधी दोन तारा शेजारी शेजारी लांबवर गेल्यानेही असं होतं आणि त्यात धोका नसतो. पण आपल्याकडे यातलं कुठलं कारण आहे, ते तपासल्याशिवाय खालून बघून मलासुद्धा सांगता येणार नाही. म्हणून बटण बंद आहे, तेव्हा वरती वीज नाही, हे या घरात धरून चालायचं नाही.

दुसरी गोष्ट तारेची. मी आठवीत होते तेव्हा तुम्ही याच जागेचा होल्डर बदलला होता. मी खाली टॉर्च धरून उभी होते आणि माझ्या वहीवर वरून काळे कपचे पडले. मला वाटलं काजळी असेल. ते तारेवरचं रबर होतं. आजोबांनी सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा मारून जी वायरिंग करून घेतली, तिच्यात आतली तार आणि वर रबराचं आवरण. भिंतीवरून जाणारी तार त्यातल्या त्यात बरी राहते, पण छताच्या टोकाला वर्षानुवर्षं बल्बची धग लागते. तिथलं रबर वाळून पापडासारखं होतं. जोवर ते हलत नाही तोवर तारेला चिकटून असतं. नवा दिवा लावायला तार वाकवली, सोलली, की मागे वीतभर उघडी पडते आणि वर छताला लागून असल्याने खालून दिसतही नाही. लाकडी पाटणाला लागून उघडी तार! बाबा, "इतकी वर्षं काही झालं नाही" असं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण ते कुणी तिथे हात घातला नाही म्हणून.

मेन बंद करून काम करीन, असं तुम्ही म्हणाल. पडवीतला मेन पाडला की इन्व्हर्टर सुरू होतो, आणि भारनियमनाच्या काळात आपण त्याच्यावर सगळे दिवे घेतले होते. म्हणजे मेन बंद आणि माजघरात वीज चालूच. तोही बंद करून त्याची घरात जाणारी जोडणी सोडवावी लागते. शिवाय आपल्या जुन्या बोर्डावर दोन्ही तारांना किटकॅट, म्हणजे उपसून काढायचे फ्यूज, आहेत. त्यातला न्यूट्रलचा उपसला तर सगळं घर अंधारात जातं आणि फेज मात्र जिवंत राहतो. आणि वाटणीनंतर काकांच्या सोप्यातला दिवा आपल्या मीटरवर आणि आपल्या जिन्यातला त्यांच्या मीटरवर होता, तो घोळ कुणी निस्तरला का? माजघराची एखादी तार त्यांच्याकडून आली असेल तर आपला मेन पाडून काय उपयोग? आई, तू एकदा काकूंना विचारून ठेव.

तुमच्या टेस्टरवरही मी पूर्ण विसंबत नाही. आधी चालू जागेवर लावून तो पेटतो ना बघायचं, मग छताच्या दोन्ही तारांना लावायचा, आणि पुन्हा चालू जागेवर. एवढं केल्यावरही वायरमन टेस्ट लॅम्प लावून बघतो, तेव्हाच हात घालतो. कारखान्यात मेंटेनन्सला पंधरा वर्षं झाली, पण ही पायरी अजून कुणी गाळलेली मला चालत नाही.

आता झुंबर. ते धातूचं आहे आणि माजघरात अर्थिंगची तार पोचतच नाही. आत कुठे फेज अंगाला लागला तर सगळं झुंबर जिवंत होईल आणि फ्यूजही उडणार नाही, कारण लाकडाच्या छतातून वीज जमिनीत जायला वाट नाही. ती वाट आई होईल, ओल्या फडक्याने पुसताना. हे लिहितानाही माझा हात थांबतो. कुणी सांगेल की न्यूट्रलच झुंबराच्या अंगाला जोडा, किंवा नळाच्या पाइपाला तार बांधा. दोन्ही अजिबात करायचं नाही.

त्यामुळे बोर्डापासून छतापर्यंत नवी तार घालू: दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची, फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. तुळईच्या कडेने केसिंग-पट्टीतून नेली तर वाड्याचं रूप बिघडत नाही, मी नीट करून घेईन. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा स्विच, बसवू. गेलेली आणि परत आलेली वीज यांत एवढासा फरक पडला तरी तो क्षणात तोडतो. काकांकडची न्यूट्रल मिसळलेली असेल तर तो टिकूनच राहणार नाही, म्हणजे तो घोळही तेव्हाच सापडेल. झुंबराचा हूक तुळईतच मारायचा, पाटणाच्या फळीला नको. मागच्या पावसाळ्यात तिथे वाळवी दिसली होती ना? तारेवर वजन तर मुळीच येता कामा नये.

शनिवारी परवाना असलेला वायरमन घेऊन येते. तो दिवे काढून ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे तारेवरचं आवरण किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या यंत्राने, जुन्या तारा तपासेल. रीडिंग १ मेगाओमच्या खाली आलं तर माजघराचीच नव्हे, वरच्या खोलीचीही वायरिंग बदलायची. खर्चाचं मी बघते, त्यावर वाद नको.

बाबा, फ्यूजची तार बांधायला मला तुम्हीच शिकवलंत. जाड तार घालायची नाही, वितळणं हेच तिचं काम, असं सांगितलं होतंत. मी या कामात आले ती तिथूनच. या वेळी मी शिडीवर असेन, टॉर्च तुम्ही धरा.

तोवर त्या दिव्याचा बल्बही काढू नका, बटणही लावू नका. स्वयंपाकघराची वायरिंग नवी आहे, तिथला दिवा रात्री चालू ठेवा आणि उंबरठ्याशी टॉर्च ठेवा, बाबा रात्री उठतात.

आई, वायरमन धरून जेवायला आम्ही दोघं आहोत. पिठलं-भाकरी कर, फार घाट घालू नकोस. कृष्णाबाईच्या उत्सवाला मी पुन्हा चार दिवस येणारच आहे.

तुमची,
मनू