सही खरी, मजकूर खोटा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाड्या एकमेकींशी वायरलेसवर बोलू लागल्या की अपघात टळतील, असे हल्ली बरेच कानावर येते. बोलू द्या की. पण एखादी गाडी थापा मारू लागली तर?

या तंत्रात प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण १० वेळा आपली जागा, वेग आणि दिशा आसपासच्या गाड्यांना कळवते. संदेशावर डिजिटल सही असते, त्यामुळे परका सहजासहजी घुसत नाही. पण सहीवाल्यानेच खोटे कळवले तर? सातबारा खरा असला म्हणून बांध कोरलेला नसतोच असे नाही!

म्हणून ऐकलेले पडताळावे लागते. समृद्धीवर १२० च्या वेगाने जाणारी कार दोन संदेशांच्या मध्ये जेमतेम ३.३ मीटर सरकते. ती एकदम ५० मीटर पुढे दिसली तर पाणी कुठेतरी मुरते आहे. एकच उपकरण १० गाड्यांची सोंगे घेऊन पुढे कोंडी झाल्याची आवई उठवू शकते. दहाही सिग्नल एकाच जागेवरून, सारख्याच जोराने आले की सोंग उघडे पडते. (हुशार सोंगाड्या जोर बदलतो, ते वेगळे.)

माझी काळजी मात्र उलटी आहे. कन्नडच्या घाटात गाडीला तिची जागा सांगणारा उपग्रहाचा सिग्नल डोंगराआड गेला की प्रामाणिक ट्रकची जागाही उडी मारणार. त्याला घुसखोर ठरवून मागच्यांनी त्याच्या ब्रेकच्या इशाऱ्याकडे कानाडोळा केला तर? आमच्या गेवराई-बीड रस्त्यावर गळीत हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर असतात. कित्येकांना मागे साधा रिफ्लेक्टर नसतो, संदेश पाठवणारा रेडिओ कुठून असणार? असा ट्रॅक्टर अचानक समोर आला म्हणून कारने करकचून ब्रेक दाबला, तर निव्वळ संदेशांवर चालणाऱ्या यंत्रणेला पुढचा रस्ता मोकळाच दिसतो आणि खरा इशारा थाप वाटतो.

खोटे पकडण्याच्या पद्धती तपासायला संशोधक २०१८ पासून 'व्हेरेमी' हा विदासंच (म्हणजे अशा संदेशांच्या नोंदींचा साठा) वापरत आले आहेत. तो संगणकात चालवलेल्या लक्झेंबर्ग शहराच्या वाहतुकीवर बेतलेला आहे. तिथे ऊस कुठला! वाळूज-शेंद्र्याला गाड्यांचे सुटे भाग बनतात, संभाजीनगरला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांनी मिळून एक गळीत हंगामभर या रस्त्यावर आणि घाटात नोंदी घ्याव्यात. कारखान्यांची धुराडी पेटली की लगेच सुरुवात करता येईल.

— एक वाचक, गेवराई (जि. बीड)