मंत्रीसाहेब, साठ रुपयाचं ऑनलाइन तिकीट तुमच्या हिशोबात कधी धरणार?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या सिनेमाचा अनुदानाचा अर्ज परत आला. शेरा काय, तर थिएटरचा डीसीआर जोडलेला नाही. आता डीसीआर म्हणजे रोज किती तिकिटं गेली त्याचा थिएटरवाल्याने दिलेला कागद, तो मी आणू कुठून? मी ऑनलाइन शोचं सगळं स्टेटमेंट जोडलं होतं, कोणी कधी पैसे भरले सगळं त्यात, सेन्सॉर सर्टिफिकेट जोडलं होतं, आणि टेबलामागच्या साहेबांनी आधी मला "होऊन जाईल, काळजी करू नका" असं तोंडी सांगितलंही होतं. आता तेच साहेब म्हणतात लिंकवर दाखवलेलं आम्ही धरत नाही. मग आधी कशाला बोललात? त्या शब्दावर मी कॅमेरामनला तारीख दिली ना पैशाची.

सिनेमा पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरणाऱ्या मजुरांवर आहे. नाशिकमधल्या एका मल्टिप्लेक्सने शो दिला तो सकाळी पावणेदहाचा, तोही कामाच्या दिवशी. ज्यांच्यावर सिनेमा आहे ती माणसं त्या वेळी बागेत छाटणीला. प्रेक्षक आले चार, त्यातला एक माझा मेव्हणा, दुसऱ्या दिवशी शो काढला. आणि त्या एका शोसाठी डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी सिनेमाची फाइल, बनवा, डिजिटल प्रिंटचे पैसे भरा, पोस्टर छापा, वर जो कागद मिळायला पाहिजे तोही मिळाला नाही, विचारलं तर म्हणे डिस्ट्रिब्युटरला विचारा, आणि डिस्ट्रिब्युटर मीच!

मग आम्ही शनिवारी रात्री नऊला ऑनलाइन शो लावला, तिकीट साठ रुपये. पैसे भरले की लिंक, चोवीस तास चालते, स्क्रीनवर बघणाऱ्याचा मोबाइल नंबर पुसट दिसत राहतो म्हणजे कोणी रेकॉर्ड करून टेलिग्रामवर टाकायला घाबरतो (टाकतात तरीही, तो वेगळा विषय). शो संपला की तासभर प्रेक्षकांशी गप्पा. सटाण्याची एक ताई मस्कतहून बघत होती, पुण्याचे कॉलेजवाले होते, आणि पेठकडच्या एका मास्तरांनी एक तिकीट काढून शाळेच्या भिंतीवर अख्ख्या वस्तीला सिनेमा दाखवला. रेंज मधेच जायची म्हणून नव्वद मिनिटांचा सिनेमा तीन तास चालला पण कोणी उठलं नाही म्हणे. नियमाने बघितलं तर मी मास्तरांवर केस करायला पाहिजे, मी त्यांना फोन करून थँक्यू म्हटलं. हा प्रेक्षक तुमच्या कुठल्या रकान्यात बसतो साहेब?

आणि हे काही मी डोक्यातून काढलेलं खूळ नाही. केरळ सरकारने ७ मार्च २०२४ ला सी-स्पेस नावाचं स्वतःचं ओटीटी काढलं, जेवढं बघाल तेवढ्याचे पैसे, मोठा सिनेमा ७५ रुपयांत, आणि त्यातला निम्मा वाटा सिनेमावाल्याला. प्रसार भारतीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेव्ह्ज नावाचं ओटीटी आणलं. आपल्याकडे काय, तर २०१५ ला मल्टिप्लेक्सला प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा सक्तीचा केला, आधी संध्याकाळी सहा ते नऊ, मग ओरड झाली तशी तीच वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ झाली. दुपारी बाराला कोण असतं हो प्राइम? मराठी सिनेमे वर्षाला शंभराच्या वर बनतात म्हणे, त्यातले नाशिकला आठवडाभर टिकलेले किती ते एखाद्या अधिकाऱ्याला मोजायला बसवा, बोटं पुरतील त्याला.

टॅक्सची गंमत वेगळीच. थिएटरचं शंभर रुपयांच्या आतलं तिकीट सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आलं, चांगलं केलंत. पण ऑनलाइन दाखवणाऱ्या प्लॅटफॉर्मला १८ टक्केच. म्हणजे एसीत बसून बघणारा स्वस्तात आणि सुरगाण्याच्या डोंगरावर रेंज शोधत बघणारा महाग. हे केंद्राचं आहे असं सांगू नका, जीएसटी कौन्सिलमध्ये आपलं राज्य बसतंच की.

फाळक्यांचं नाव तर तुम्ही सगळेच घेता. जन्म आमच्या त्र्यंबकचा, गेले नाशिकमध्येच, १९४४ साली. १९१२ ला विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले होते सिनेमा शिकायला. मी पतसंस्थेचं कर्ज काढलंय आणि लग्नाच्या शूटिंगवर हप्ते फेडतोय, बायको विचारते पुढचा सिनेमा कधी, मी विषय बदलतो. ३० एप्रिलला, फाळक्यांच्या जयंतीला, हार घालायला रांग लागते. पांडवलेण्याच्या पायथ्याच्या त्यांच्या स्मारकाच्या दुरुस्तीच्या बातम्या वर्षानुवर्षं वाचतोय, इगतपुरीजवळ मुंढेगावला चित्रनगरी होणार हेही वाचतोय. कुंभमेळ्यासाठी हजारो कोटी निघतात, निघू द्या, आम्हीही गोदामाईचेच, पण केरळसारखं ओटीटी चालवायला एक सर्व्हर आणि चार माणसं ठेवायला सरकारकडे पैसे नाहीत हे मला पटत नाही. तुम्हाला कलाकार लागतो तो स्टेजवर, सत्काराला. एरवी नाशिकवाला मुंबईला जाऊन कोणाच्या तरी ऑफिसबाहेर बसला की झालं सांस्कृतिक धोरण. शेतकऱ्याचंही तेच, कांदा पिकवायचा लासलगावला आणि भावाचं ठरायचं दिल्लीत.

माझं मागणं एवढंच की ऑनलाइन तिकीटविक्रीचं बँक स्टेटमेंट डीसीआरसारखं ग्राह्य धरायचा जीआर काढा. केरळचं बघून इथे काही करायचं असेल तर फाइल हलवा, नसेल करायचं तर तसं लेखी सांगा, तोंडी नको.

आणि हो, पुढचा शो शनिवारी रात्री नऊलाच आहे. तिकीट साठ रुपये. तुमच्या ऑफिसातून पाससाठी फोन येतो नेहमी, तर पास नाहीत.

आपला,
एक नाशिककर सिनेमावाला