न घातलेली जर्सी धुणाऱ्या मामांस

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा आणि पेठेतली त्याच्या वयाची सारी मुले तुम्हाला मामा म्हणतात. त्या नात्याने तुम्ही माझे भाऊ झालात, आणि भावाचे आभार मानायचे नसतात असे आमच्या आईने आम्हाला शिकवले होते. तरीही हे पत्र लिहिते आहे आणि चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण गेल्या रविवारी शाहू स्टेडियमवर माझा 17 वर्षांचा मुलगा फुटबॉलच्या सलग चौथ्या सामन्यात पहिल्या अकरांत उतरला, गॅलरीतून त्याच्या नावाचा पुकारा झाला, आणि रात्री घरी जे जे अभिनंदनाला आले त्यांच्यापैकी एकालाही तुमची आठवण झाली नाही. कोणी प्रशिक्षकांचे कौतुक केले, कोणी मुलाच्या डाव्या पायाचे, कोणी तर चक्क माझे. माझे कौतुक होताना मी गप्प बसले, ते मला अजून टोचते आहे. तुमचे नाव छापू नये असे तुम्ही बजावले आहे म्हणून केवळ मामा एवढेच लिहिते; बॅगा वाहणारे, बाटल्या भरणारे आणि जर्सी मोजून देणारे मामा म्हटले की पेठेत ओळख पटायला तेवढे पुरे आहे.

2017 च्या ऑक्टोबरात भारताचा संघ पहिल्यांदा फुटबॉलच्या विश्वचषकात खेळला, तोही 17 वर्षांखालील मुलांचा, आणि त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. दिल्लीतल्या कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात जॅक्सन सिंगने डोक्याने गोल केला तेव्हा आमच्या चाळीत दिवाळीआधीच फटाके वाजले. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला आणि आपण हरलो, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. लक्षात राहिले ते एवढेच की कोल्हापूरचा मुलगा तिथवर जाऊ शकतो. त्या वर्षापासून पेठेतल्या कितीतरी आईबापांच्या डोक्यात एक वारे शिरले, आणि ते माझ्याही डोक्यात शिरले, हे मी कबूल करते. पेठेतल्या तालमीच्या संघातल्या पोरांबरोबर गांधी मैदानावर धावून काय होणार, मुलगा मोठ्या शहरातल्या निवासी अकादमीतच घडेल, असे मला वाटू लागले. शिक्षिकेच्या पगारातून साठवलेले पैसे काढून आम्ही तेरा वर्षांच्या मुलाला एका अकादमीत ठेवले. तिचे नाव मी घेणार नाही.

तिथे वर्षभरात तो चार इंच वाढला आणि त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर, सुपारीएवढा टेंगूळ आला. जिना उतरताना तो कठडा धरू लागला. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला आधी आळशी ठरवले, मग नाटकी ठरवले, आणि बाकीच्या मुलांसमोर मैदानाला जास्तीच्या फेऱ्या मारायला लावल्या. एका संध्याकाळी मोबाइलवर दोन ओळींचा निरोप आला की आपला पाल्य अपेक्षित प्रगती दाखवत नसल्याने पुढील सत्रासाठी त्याचा विचार करता येणार नाही. खाली कोणाचे नाव नव्हते. भरलेल्या पैशांचे पुढे काय झाले ती कथा वेगळी आहे आणि ती इथे सांगण्याच्या योग्यतेची नाही. मला चीड आहे ती एकाच गोष्टीची: सहा महिने मूल दुखते आहे म्हणून सांगत होते, आणि त्याच्या गुडघ्याला त्या लोकांपैकी एकानेही हात लावून पाहिला नव्हता.

हात तुम्ही लावलात. मुलाला घेऊन मी आपल्या तालीम मंडळाच्या कट्ट्यावर आले, तेव्हा तुम्ही त्याला पायरीवर बसवून पँट वर करायला सांगितली, अंगठ्याने तो टेंगूळ हलकेच दाबला, आणि तो कळवळला तसे माझ्याकडे बघून म्हणालात, “वाढीचं हाय ताई ह्ये. पोरगं खोटं बोलत न्हाई. पर डाक्टरला दाखवा.” पुढे हाडांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले, फक्त त्याला ऑसगूड-श्लॅटर असे भारदस्त नाव दिले. वाढीच्या वयात हाड झपाट्याने लांबते, मांडीचा स्नायू तितक्या वेगाने लांबत नाही, आणि गुडघ्याखाली जिथे त्याची दोरी हाडाला जोडलेली असते तिथे ओढ बसून सूज येते. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत हे सर्रास आढळते आणि वाढ थांबली की बहुधा आपले आपण जाते. उपाय म्हणजे पळणे कमी करणे आणि धीर धरणे. डॉक्टरांचे बोलणे ऐकून मी निश्चिंत झाले खरी, परंतु मुलगा आधीच सावरला होता, कारण “पोरगं खोटं बोलत न्हाई” हे वाक्य सहा महिन्यांनंतर त्याने प्रथमच ऐकले होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले तिच्याकडे येते. तुम्ही त्याला ज्युनिअर संघात घेतलेत, 23 क्रमांकाची जर्सी त्याच्या नावावर लावलीत, आणि तो आठ महिने एकही सामना खेळला नाही. मधल्या काळात गल्लीत बोलणी सुरू झाली. अकादमीने हाकललेला मुलगा, बाईंना भलतीच हौस, दहावीचे वर्ष वाया जाणार, असे बरेच काही कानावर आले आणि एका क्षणी मी खचले. मी त्याचे बूट माळ्यावर टाकले, शिनगार्ड आणि मोजे पिशवीत भरले, आणि मुलाचे नाव काढून घ्या असे सांगायला तुमच्या घरी निघाले. तुम्ही गच्चीवर आहात असे वहिनींनी सांगितले, म्हणून वर आले.

पावसाळा नुकताच सरला होता. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ तळे. पाऊस पडला की ते तळे आपली जागा परत मागते आणि सरावाच्या कपड्यांची काय गत होते ते धुणाऱ्यालाच ठाऊक. त्या दिवशीच्या सामन्याच्या जर्सी तुम्ही आतली बाजू बाहेर करून दोरीवर वाळत घालत होतात, प्रत्येक जर्सीला दोन चिमटे, क्रमांकांच्या ओळीने. कितीही घासले तरी न निघणारी चिखलाची फिकट झाक जवळजवळ सगळ्यांवर होती. टोकाची एक जर्सी मात्र स्वच्छ होती आणि तीही ओली होती, तिच्या कडेवरून पाणी ठिबकत होते. मी जवळ जाऊन उलट्या बाजूने क्रमांक वाचला. 23. माझा मुलगा त्या दिवशी मैदानात उतरणे तर सोडाच, सामन्याला गेलादेखील नव्हता. मीच त्याला अभ्यासाला बसवले होते. मी विचारले, “मामा, ही तर कोणी घातलीच नव्हती, मग ही का धुतलीत?” तुम्ही चिमटा तोंडात धरला होता, तो काढून दोरीला लावलात आणि म्हणालात, “घातली न्हाई म्हणून काय झालं, ताई? धूळ बसतीच की.”

माझ्या हातातली पिशवी तुम्ही पाहिली होतीत की नाही, हे मला आजवर कळलेले नाही. तुम्ही विचारले नाहीत आणि मीही काही बोलले नाही. वहिनींच्या हातचा चहा घेऊन मी ती पिशवी तशीच घरी आणली आणि स्टूल लावून बूट माळ्यावरून खाली काढले. रात्री मुलाला ही हकिकत सांगितली तर त्याला त्यात काहीच नवल वाटले नाही. तो म्हणाला, “मामा दर मॅचला बॅगेत माझी जर्सी आणतात. मोजताना माझीपण मोजतात.” म्हणजे इतके महिने ज्याची चिंता मी करत होते, त्याला आपण संघात आहोत याची खात्री दर सामन्याला मोजून मिळत होती, आणि ती खात्री देणारा माणूस त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हता.

त्या आठ महिन्यांत तुम्ही त्याला नुसते बसू दिले नाहीत, हेही नोंदवायला हवे. चेंडूंत हवा भरणे, बाटल्या मांडणे ही कामे झाली की त्याला गोलपोस्टच्या मागे बसवून, चेंडू सोडून बाकीच्या माणसांकडे बघायला सांगत होतात. तुम्ही स्वतः गोलकीपर होतात, तेव्हा मैदान मागून कसे दिसते ते तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? या मोसमात वरिष्ठ संघातून त्याला पहिल्यांदा शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरवले, तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ “अरे पळ की!” म्हणून ओरडत होते, आणि तो पळत नव्हता. तो डाव्या कडेला उभा राहून बघत होता. चेंडू पायाशी आला तसा त्याने तो थांबवलादेखील नाही, दोन बचावपटूंच्या मधून पहिल्याच स्पर्शात पुढे सरकवला, आणि आपला स्ट्रायकर तिथे पोहोचलेला होता. हलग्या वाजल्या, गुलाल उडाला, शेजारच्या गृहस्थांनी मलाच टाळी दिली. फुटबॉलमधले मला अजूनही फारसे कळत नाही, पण तो पास गोलपोस्टच्या मागे बसून शिकलेला होता एवढे मला कळले. मी तुम्हाला शोधले. तुम्ही त्या कल्लोळातही खाली वाकून बाहेर आलेल्या खेळाडूची जर्सी घडी घालून बॅगेत ठेवत होतात.

आमच्याकडचे संघ तालमींतून निघाले, म्हणून नावात तालीम राहिली, आणि तालीम म्हटली की वस्ताद आला. चांगला वस्ताद जिंकणाऱ्या पठ्ठ्याला खुराक देतो तसा खांदा निखळून कोपऱ्यात बसलेल्यालाही देतो, असे माझे आजोबा सांगत; ते मला म्हाताऱ्यांचे रंगवून सांगणे वाटायचे. आपल्या फुटबॉलवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. गॅलरीतली हुल्लडबाजी, पेठापेठांतली खुन्नस, मैदानात येणाऱ्या बाटल्या, हे सगळे मी पाहिले आहे आणि एक बाई म्हणून तिथे बसताना मला आजही अवघडते. पण ज्या अकादमीत हिरवळ होती, आहारतज्ज्ञ होते आणि भिंतीवर परदेशी खेळाडूंची चित्रे होती, तिथे माझ्या मुलाला माणूस म्हणून कोणी मोजले नाही. ते घडले तुमच्या गच्चीवरच्या दोरीवर. सज्जनपणाला सोयीसुविधा लागत नाहीत असे मी म्हणणार नाही, कारण आपल्या मुलांना चांगले मैदान आणि वेळेवर डॉक्टर मिळायलाच हवेत. मात्र सोयी आल्या की सज्जनपणा त्यांच्याबरोबर आपोआप येतो, हा माझा समज तिथे कायमचा फिटला.

गुडघा बरा होऊन तो खेळायला सज्ज झाला तेव्हा ती 23 क्रमांकाची जर्सी त्याच्या अंगात शिरेना. एकदाही न खेळता ती तोकडी झाली होती. तुम्ही पोट धरून हसलात आणि “राहू दे घरात” म्हणून ती त्याच्या हातात दिलीत. ती आमच्या कपाटात आहे.

भाऊबीजेला अजून पुष्कळ अवकाश आहे आणि तेवढे थांबणे मला जमणार नाही. येत्या रविवारी आपला सामना नाही, तेव्हा वहिनींना घेऊन दुपारी जेवायला या; धुण्यातला निम्मा भार त्या उचलतात हे मी त्या दिवशी त्यांच्या हातांकडे बघून ओळखले होते, म्हणून या पत्रातले निम्मे आभार त्यांचे आहेत. तांबडा-पांढरा मी करीन, मटण आणायला मुलगा जाईल. येताना शनिवारच्या सरावाच्या जर्सींचे गाठोडे सोबत आणा. आम्ही नवे मशीन घेतले आहे, जेवणे होईपर्यंत धुऊन होतील, आणि वाळत मुलगा घालेल.

तुमची बहीण,
23 क्रमांकाची आई
कोल्हापूर