पोरीला तुझंच विमान आवडलं

नागपूर, रविवार, 23 नोव्हेंबर 2025

प्रिय वश्या,

फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला तू खो-खो हसत सुटला असतास, म्हणून लिहून राहिलो आहे. चिनूला ए-380 वर, तुझ्या त्या चार इंजिनांच्या अजस्र एअरबसवर, काम शिकायला आखातात जायचं आहे. घे, हस. हसून झालं की पुढं वाच.

बाकी घरी ठीक. माझी शुगर होती तिथंच, हिचा गुडघा थंडी पडली की बोलतो, आणि आबांना हल्ली सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

तर चिनू. एएमईचे, म्हणजे विमान-दुरुस्तीच्या लायसन्सचे, पेपर काढले तिनं. सगळे पहिल्या झटक्यात नाही, पण काढले. मिहानच्या हँगरमध्ये काही महिने शिकायलाही होती. ते हँगर आठवतं नं? एअर इंडियानं 68 विमानं घेतली, त्या सौद्यापोटी बोइंगनं बांधून दिलेलं. 2015 मध्ये सुरू झालं तेव्हा तू म्हणाला होतास, आता तिथं म्हशी बांधतील. म्हशी नाही बांधल्या बे, 777 उभी राहतात. पोरगी रात्री जेवणाच्या टेबलावर दोन बोल्ट आणि तारेचं रीळ घेऊन बसायची. लॉकवायर. बोल्टच्या भोकातून तार ओवायची, पक्कडीनं पीळ द्यायचा, आणि तार अशी बसली पाहिजे की बोल्ट ढिला व्हायला गेला तर तिनं त्याला आवळायच्याच बाजूला ओढावं. शेवटचं टोक आत वळवायचं, नाहीतर नंतर हात घालणाऱ्याचं बोट फाटतं. तिची स्वतःची बोटं तर आधीच फाटली होती. ही वरणाचं पातेलं हातात घेऊन उभी, आणि चिनू म्हणते, "आई, एवढा पीळ होऊ दे."

मला वाटलं, आता 777 चं टाईप, म्हणजे त्याच विमानाचं लायसन्स, करेल, स्कूटीनं खापरीकडे जाईल, रात्री घरी येऊन जेवेल. जूनमध्ये अहमदाबादला ते विमान पडलं तेव्हा हिनं चिनूला यातून काढायचाच घाट घातला होता. मीच आठ-पंधरा दिवस समजूत घातली. आणि आता पोरगी म्हणते, बाबा, मला चार इंजिनं पाहिजेत. आखातातली दुरुस्तीची कंपनी आहे, तीन वर्षांचं बाँड लिहून घेतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर वहिनी लगेच शारजाच्या मावसभावाला फोन लावतील आणि उद्या सगळ्या प्रतापनगरला कळेल.

वश्या, 251 विमानं. जेमतेम एवढीच बनली, त्यातली 123 एकट्या एमिरेट्सनं घेतली. 2021 च्या डिसेंबरात शेवटचं दिलं आणि कारखान्यानं हात झटकले. अशा यंत्रावर पोरीनं विशी घालवायची? मी हेच बोललो. तर ती म्हणते, "बनायचं थांबलं म्हणजे उडायचं थांबलं का? तुमच्या बोइंगचं 777-9 बघा. 2013 मध्ये दुबईला वाजतगाजत जाहीर केलं, 2020 मध्ये गिऱ्हाइकाच्या हातात पडणार होतं, आता 2027 म्हणतात. तोवर लोक काय बैलगाडीनं जातील? लुफ्तान्सानं कोविडमध्ये ए-380 नेऊन ठेवून दिली होती, 2023 मध्ये झक मारत परत काढली. बनवणाऱ्यांना जितका उशीर, तितकं दुरुस्तीवाल्याचं काम."

तुमच्या बोइंगचं! जसं काय मी सिएटलचा जावई आहे.

हा उलटा हिशोब मला आयुष्यात सुचला नव्हता. आपण दोघं व्हीआरसीईच्या कँटीनपासून एकच भांडण भांडत आलो, जम्बोची, म्हणजे बोइंग 747 ची, जागा कोण घेणार. पोरीला त्या शर्यतीत कोण पुढं याच्याशी घेणंदेणंच नाही. शर्यत लांबली तर तिला बरं.

आणि भांडण तरी काय होतं रे आपलं. 1993 मध्ये बोइंग आणि एअरबसवाले एकत्र बसून अतिमोठ्या विमानाचा अभ्यास करणार म्हणून वाचलं, तेव्हा तू म्हणालास, "बघ, एकट्याच्या आवाक्यातलं नाही." दोन वर्षांत फाटलं त्यांचं. मग बोइंगनं 1996 मध्ये 747 ला ताणून 600-एक्स काढायचं म्हटलं आणि चार-पाच महिन्यांत गुंडाळलं. त्या दिवशी तू मला बर्डीवर तर्री-पोहे खाऊ घातलेस, पैसे मात्र मीच दिले. तुझं म्हणणं, विमानतळांवर जागा नाही, तेव्हा मोठमोठ्या शहरांत माणसं गोळा करायची आणि एका अजस्र विमानात कोंबायची. वर माझ्याच बापाला साक्षीदार करायचास. "आबांना विचार. 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर येत होती का नाही? टपाल बदलून परत जात होती का नाही? तुझ्या बापानं जे नागपुरात केलं तेच एअरबस दुबईत करणार." आबा खूश व्हायचे. पार्टी बदललेला बाप मी तेव्हा पाहिला.

मी आजही तेच म्हणतो, टपालाची पिशवी मध्यरात्री सोनेगावला पडून राहते, माणूस राहत नाही. त्याला नागपूरहून थेट जायचं असतं. आणि दोन इंजिनांवर समुद्र ओलांडायला परवानगी मिळायला लागली, 777 ला तर 1995 मध्ये सेवेत येतानाच, एक इंजिन बंद पडलं तर तीन तासांत विमानतळ गाठता येईल एवढ्या अंतराची मिळाली, तेव्हाच चार इंजिनांचं संपलं होतं. तुझ्या विमानाचं दुर्दैव असं की त्याची इंजिनं ठरली आणि मागोमाग 787 साठी कमी तेल पिणारी नवी पिढी आली. आणि ते पंख! विमानतळांच्या 80 मीटरच्या चौकटीत बसवायचे म्हणून जेमतेम त्याच्या आत ठेवले, पण पुढं आणखी लांब विमान काढू म्हणून वजनानं दणकट केले. ते लांब विमान कधी आलंच नाही, जादा वजन मात्र सगळी 251 विमानं वाहून राहिली आहेत. त्यावर 777-9 ची युक्ती बघ. उडताना पंख जवळपास 72 मीटर, जमिनीवर उतरलं की टोकं वर मुडपून 65 च्या आत, म्हणजे आज जी गेटं आहेत तिथंच उभं राहतं. मुडपायचा पंख! तू 2013 मध्ये मेसेज केला होतास की हे विमान आहे की छत्री. पण छत्री अजून उघडली नाही हेही खरं, तो गुण तुला.

कुणाचं विमान आधी बनायचं थांबतं, त्या पैजेचं मी बोलणार नव्हतो. पण 747 2022 पर्यंत बनत होतं आणि तुझं 2021 ला थांबलं, म्हणजे संत्रा बर्फी माझी. "मालवाहू धरायचं नाही, प्रवासी 747 तर 2017 लाच संपलं" ही तुझी पळवाट डिसेंबर 2000 मध्ये पैज लावताना कुठं होती? नाकाडं वर उचलून आख्खं यंत्र आत घेतं ते विमान नाही, मग काय टेम्पो आहे?

असो. मूळ गोष्ट राहूनच जाते.

तारांचा किस्सा चिनूला मी सांगितला, घाबरेल म्हणून. ए-380 मध्ये पाचशेच्या वर किलोमीटर तार. एअरबसचे हॅम्बर्गवाले आराखड्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, तुलूझवाले नव्यावर, आणि जोडायला गेले तर तारा आखूड. दोन वर्षं गेली, मालवाहू ए-380 मागितलेल्या फेडेक्स आणि यूपीएसनं ऑर्डरी काढून घेतल्या. पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. मला वाटलं, बसला टोला. तर म्हणते, "मला ती वायरिंग बघायचीच आहे."

आता खरं सांगतो, मला झोप का येत नाही. ती दूर जाते याचं दुःख आहेच, पण पोरं जातातच. वहिनींनाही माहीत आहे ते, तुझा ओम तर तिकडे बर्फात जाऊन बसला. मला आठवतोस तू. तुझी टेलिफोन एक्स्चेंजं. चंद्रपूरपासून गोंदियापर्यंत कुठं बिघडलं की रात्री-बेरात्री तुला न्यायला जीप यायची. त्या यंत्राच्या आतलं तुझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मग ते बनणं थांबलं, तरी साहेब लोक सांगत राहिले की अजून पंधरा वर्षं चालतील. चाललीही असतील. पण माणसं कमी लागत गेली, आणि सुटे भाग बंद पडलेली यंत्रं फोडून काढायची वेळ आली. चाळिशीत तू पोरांच्या शेजारी बसून नवं शिकलास. त्या वर्षी तू नागपूरला आलास आणि अंबाझरीवर दोन तास एक शब्द बोलला नाहीस. मीही काही विचारलं नाही.

सिंगापूर एअरलाइन्सनं दहा वर्षांत परत केलेली पहिली दोन ए-380 फ्रान्समध्ये नेऊन फोडली, भागांसाठी. चिनूला हे माहीत आहे. ती म्हणते, एमिरेट्स 2040 च्या आसपासपर्यंत उडवणार आहे, तोवर मी चाळिशीत असेन. चाळिशीत! तिला वाटतं चाळिशी म्हणजे म्हातारपण, तिथं सगळं संपलेलंच असतं.

तर तू बोल तिच्याशी. मी बोललो की बापाचं आणि बोइंगचं होतं. तुझं विमान आहे म्हणून भरीला घालू नकोस, आणि माझं मन राखायला अडवूही नकोस. एक्स्चेंजचं सांग. जीप यायची ते सांग आणि जीप यायची बंद झाली तेही सांग. पुन्हा तेच करायला मिळालं असतं तर केलं असतंस का, हे तिला सांग. मला ते कधी कळलेलं नाही.

तुझ्या आईच्या मोतीबिंदूचं काय झालं? दुसरा डोळाही आत्ताच उरकून घे, थंडीत बरं असतं. बाणेरचा फ्लॅट अखेर विकलास म्हणे, पप्या सांगत होता. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं. ओमला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार, आणि वडी-भात खायला नागपूरला या म्हणावं, पुण्यात कुणी नीट करत नाही.

चिनूचा नंबर तोच आहे. दिवसा उचलत नाही, साडेनऊनंतर कर. महिनाअखेर तिला त्यांना कळवायचं आहे.

तुझा,
मिल्या

ता. क. आबा विचारतात, त्या विमानात टपाल किती मावतं. मी म्हटलं, वश्याला विचारून सांगतो.